घास नीट उतरतोय, मग स्टेरॉईड बंद करू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वडलांचं वय 64, बरीच वर्षं बिडी ओढायचे. त्यांच्या अन्ननलिकेत अगदी सुरवातीचा कॅन्सर सापडला आणि छाती न उघडता दुर्बिणीतूनच काढला, ईएसडी केली असं सांगितलं. नळीच्या आतल्या गोलाईतलं पाऊण भागापेक्षा जास्त अस्तर काढावं लागलं म्हणून दोन महिने स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्यात. आता तिसरा आठवडा चालू आहे, वडील दुधात कुस्करून भाकरी खातात, काही अडकत नाही, पण शुगर 280 झालीय. नातेवाईक म्हणतात कॅन्सर तर निघाला, आता स्टेरॉईड कशाला खायचं, बंद करा. करू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, नका करू. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा कमी करू नका. शुगरचं मात्र आजच त्यांच्या कानावर घाला, त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका.

कॅन्सर निघाला हे खरंच, पण तो काढताना आतलं अस्तर आणि त्याच्या खालचा थर सोलून काढलाय, म्हणजे आत आता मोठी उघडी जखम आहे. हाताला भाजल्यावर जखम भरते पण कातडी ओढली जाऊन बोट आखडतं ना, तसंच इथे होतं, फक्त ही जखम नळीत गोल फिरलेली असल्यामुळे व्रण आवळला की नळीच आवळते. अर्ध्यापेक्षा कमी गोलाई काढली असेल तर सहसा त्रास होत नाही. पाऊण भागाच्या वर गेलं आणि काहीच उपाय केला नाही तर बहुतेकांची नळी अरुंद होते, आणि पूर्ण गोल अस्तर निघालं असेल तर जवळजवळ सगळ्यांचीच.

हे आवळणं पहिल्या दिवसापासून नसतं, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जाणवायला लागतं, म्हणजे तुमचे वडील आत्ता नेमके त्याच काळात आहेत. आज घास उतरतोय तो कदाचित त्या गोळ्यांमुळेच उतरतोय, आणि म्हणूनच ‘आता बरे आहेत, बंद करा’ हा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. असे पेशंट नंतर फक्त पेज आणि दुधावर येतात, वजन घटतं, आणि मग फुगा घालून नळी रुंद करायच्या चकरा सुरू होतात.

स्टेरॉईड देऊन नळी आवळू न द्यायची ही पद्धत आली जपानमधून. नागासाकीच्या डॉक्टरांनी 2011 साली पाऊण भागाच्या वर अस्तर काढलेल्या पेशंटचा अनुभव छापला. त्यात नळी आवळायच्या आधीपासूनच फुगा घालत राहिलेल्या 22 जणांपैकी 7 जणांची नळी आवळली, तर गोळ्या घेतलेल्या 19 पैकी एकाचीच, आणि फुगा घालावा लागायचा तो सरासरी 15-16 वेळांवरून दोन वेळांच्या आत आला. पेशंट थोडेच होते, पण फरक केवढा बघा. त्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी रोज 30 मिलिग्रॅमने सुरू केलं आणि हळूहळू उतरवत आठ आठवड्यांनी थांबवलं. वडलांचा डोस वेगळा असू शकतो, त्यांच्या कागदावर जे लिहिलंय तेच द्यायचं. मध्येच एकदम बंद केलं तर नळीचं तर नुकसान होईलच, शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं मंदावलेलं असतं त्यामुळे एकदम गळून जाणं, बीपी उतरणं असंही होऊ शकतं.

आता शुगर. स्टेरॉईडने ती चढतेच, विशेषतः दुपारनंतर, त्यामुळे फक्त सकाळची उपाशीपोटीची तपासून भागणार नाही. बहुतेक वेळा शुगरची गोळी वाढवून किंवा थोडे दिवस इन्सुलिन देऊन काम होतं, इन्सुलिनला घाबरू नका. फारच आटोक्यात येत नसेल तर दुसरा रस्ताही आहे, ट्रायमसिनोलोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन दुर्बिणीतून थेट जखमेच्या तळाशी थोडं थोडं टोचतात, त्याने बाकी शरीरावरचा भार कमी राहतो. पण सुई खोल स्नायूत गेली तर नळीला भोक पडायची भीती असते, म्हणून हे ज्याचा हात बसलाय त्यानेच करावं. कुठला रस्ता घ्यायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही विचारा मात्र जरूर.

अजून एक, वडलांना किंवा घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल आणि ते सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा, स्टेरॉईडने जुना टीबी डोकं वर काढू शकतो. तोंडात पांढरे चट्टे आले, ताप आला, तरी कळवा.

जेवताना त्यांच्याकडे नीट बघा, कारण म्हातारी माणसं सांगत नाहीत. प्रत्येक घासाला पाणी प्यायला लागले, कोरडी पोळी बाजूला सारायला लागले, नेहमीपेक्षा जेवायला दुप्पट वेळ लागला, की लगेच दुर्बीण करायला न्या, पाणीसुद्धा अडकेपर्यंत थांबू नका. लवकर गेलं तर फुग्याचं काम सोपं होतं. फुगा घातल्यानंतर छातीत जोरात दुखलं, दम लागला किंवा ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. आणि बिडी कायमची बंद, कारण उरलेल्या नळीत आणि घशात नवीन गाठ उगवू शकते.

प्रश्न : जपानमध्ये गालाच्या आतल्या पेशी वाढवून जखमेवर चिकटवतात असं वाचलं. सासूबाईंची ईएसडी पुढच्या महिन्यात आहे, त्यांच्यासाठी थांबावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थांबू नका. टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात हे खरंच केलंय, 2012 साली त्यांनी 9 पेशंटचा अनुभव छापला आणि त्यातल्या एकाचीच नळी आवळली, तीही ज्याची जखम पूर्ण गोल होती त्याची. फार सुंदर काम आहे, पण पेशी वाढवायला खास लॅब लागते आणि हा काही रोजचा उपचार झालेला नाही. कॅन्सर सुरवातीचा आहे तोवरच दुर्बिणीतून निघतो, तेव्हा तारीख पुढे ढकलू नका. त्याऐवजी ऑपरेशनच्या आधीच विचारा की अस्तर किती काढावं लागेल, पाऊण भागाच्या वर गेलं तर इंजेक्शन की गोळ्या, आणि पुढची दुर्बीण किती दिवसांनी.