क्रिमिया ‘मुळात रशियाचाच’?

प्रश्न : ‘क्रिमिया मुळात रशियाचाच, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी तो युक्रेनला भेट दिला,’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सतत येतात. यात तथ्य किती?

उत्तर : आधी ‘मुळात’ हा शब्द तपासा. पंधराव्या शतकापासून तिथे क्रिमियन तातार या तुर्किक मुस्लीम समाजाची खानशाही होती. सम्राज्ञी कॅथरिन दुसरीने ती १७८३ साली खालसा केली. हा दावा मागे नेला तरी तिथेच थांबतो.

खरी मेख लोकसंख्येत आहे. रशियन बहुसंख्येचा आकडा पुढे करताना मे १९४४ गाळला जातो. स्टालिनच्या राजवटीने १८ मेपासून तीन दिवसांत १ लाख ८० हजारांहून अधिक तातारांना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसह, मालगाडीच्या डब्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात हाकलले. वाटेत आणि तिथे पोहोचल्यावर हजारो दगावले. गावांची तातारी नावेही पुसली. हे अत्यंत क्रूर होते.

‘भेट’ म्हणाल, तर १९५४ चे हस्तांतर सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे संसदेच्या, अध्यक्षमंडळाच्या फर्मानाने झाले. डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात क्रिमियातही सुमारे ५४ टक्के मते युक्रेनच्या स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. १९९४ च्या ‘बुडापेस्ट मेमोरँडम’ या करारपत्रात रशियाने युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी मान्य केले.

संदेश १७८३ वरून थेट १९५४ वर उडी मारत असेल, तर १९४४ कुठे गेले ते पाठवणाऱ्याला विचारा.