एक थेंबही गाळला नाही, तरी केस होते का?

तासगाव तालुक्यातल्या एका २४ वर्षांच्या मुलानं लिहिलंय, नाव-गाव अर्थातच देत नाही. अवकाळीनं सोनाका जातीच्या द्राक्षांचे मणी तडकले, व्यापाऱ्यानं माल उचलला नाही, मग ह्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवलं की घरापुरती द्राक्षाची ब्रँडी गाळायची. ओळखीच्या तांबटाकडून २५ लिटरचं तांब्याचं भांडं, निमुळतं झाकण आणि वेटोळी नळी करून घेतली. शेडात निळ्या ड्रममध्ये रस आणि ऑनलाईन मागवलेलं यीस्ट टाकून पाच दिवस झालेत, विस्तव अजून लावलेला नाही. परवा पोलीस पाटील, जे नात्यानं चुलते लागतात, शेडात डोकावले आणि काही न बोलता गेले. तेव्हापासून आईला झोप नाही. जमीन वडिलांच्या नावावर, आणि मुलगा तलाठी भरतीची तयारी करतोय. "ताई, एक थेंब पण काढला नाही, तरी केस होते का? आणि ड्रम ओतून टाकू का?" असं विचारलंय.

ताई म्हणालास म्हणून तू म्हणते.

होते, हे वकील म्हणून सांगते. थेंब काढायची वाट कायदा बघतच नाही. आपल्याकडं लागू आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा, आधी मुंबई दारूबंदी म्हणायचे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा. त्याचं कलम १२ दारू तयार करायलाच मनाई करतं, आणि कलम १३ म्हणतं की दारू बनवण्यासाठी लागणारं साहित्य, भट्टी, भांडी, उपकरणं जवळ ठेवायची नाहीत. ह्याची शिक्षा कलम ६५ मध्ये आहे, कैदही आणि दंडही. पेपरात "कलम ६५ (फ) नुसार गुन्हा दाखल" अशी बातमी वाचतोस ना, ते (फ) म्हणजे हेच, साहित्य आणि भांडी जवळ ठेवणं. म्हणजे तुझं ते तांब्याचं भांडं कोरं असलं, एकदाही चुलीवर चढलं नसलं, तरी ते कशासाठी केलंय हे दिसलं की पुरे.

आणि ड्रमचं तर त्याहून अवघड. तुला वाटतंय ड्रममध्ये नुसता द्राक्षाचा रस आहे. कायद्यातली दारूची व्याख्या वाचली तर त्यात स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव येतं. यीस्ट टाकून पाच दिवस झालेल्या रसात अल्कोहोल तयार झालेलं असणारच, वरचा फेस आणि तो वास तूच लिहिलायस. म्हणजे गाळणं राहिलंय, पण दारू बनवणं सुरू झालंय असं सरकारी वकील म्हणू शकतो आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडं फार काही नसेल. घरच्यासाठी थोडी चालते, विकली नाही तर चालते, अशी सूट ह्या कायद्यात नाही. पिण्याचा परवाना वेगळा आणि बनवण्याचा वेगळा, पहिला खिशात असला म्हणून दुसरं करता येत नाही.

तू व्हिडिओतल्या माणसाचं म्हणणं लिहिलंस की स्वतःपुरती गाळायला कायदा आडवा येत नाही. तो न्यूझीलंडचा असेल तर त्याच्यापुरतं खरं आहे, तिथं १९९६ पासून घरच्या वापरासाठी गाळायला मुभा आहे. गोव्यातली काजूची फेणी म्हणशील, तर तिथंही भट्टीला परवाना लागतो. आणि ह्यातलं काहीही तासगावच्या शेडाला लागू नाही.

आता जे कलम तुला माहीतच नसणार ते सांगते, १०३. साधारणपणे गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. पण ह्या कायद्यात भट्टीचं भांडं किंवा दारूसाठी नेहमी वापरतात असं साहित्य तुझ्याकडं मिळालं आणि ते का ठेवलंस ह्याचा समाधानकारक खुलासा तुला देता आला नाही, तर गुन्हा केलाय असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध होईपर्यंत. तांबटाच्या बिलावर "अर्क काढण्याचं भांडं" लिहिलंय म्हणून तुला धीर वाटतोय, तो मला नाही वाटत. भांडं एकटं असतं आणि शेजारी गवती चहाच्या पेंढ्या असत्या तर त्या बिलाला अर्थ होता. तेल काढायला, गुलाबपाण्याला असं भांडं ठेवणं गुन्हा नाही, हेतू खराच तो असेल आणि दाखवता आला तर. शेजारी फेसाळलेला ड्रम आणि यीस्टची फाटलेली पाकिटं असताना ते बिल दाखवलंस तर उलट खोटं बोलतोय असंच दिसेल. तेव्हा आता गवती चहा आणून शेडात टाकायचा विचार मनात सुद्धा आणू नकोस.

मी हातभट्टीच्या केसेस बऱ्याच चालवल्यात. पंचनामा कसा होतो माहितेय का, ड्रममधून १८० मिलीच्या बाटलीत सॅम्पल काढतात, बुचावर लाख, पंचांच्या सह्यांचं लेबल, ते रासायनिक विश्लेषकाकडं जातं, उरलेलं रसायन, म्हणजे आंबवलेलं मिश्रण, तिथंच जमिनीवर ओततात. एका केसमध्ये पोराचा लहान भाऊ दारात उभा राहून ते बघत होता, त्या घराची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुला एवढं तोंडावर बोलतेय.

आता तुझा दुसरा प्रश्न, ओतून टाकू का. इथं लिहून मी "हो" म्हणणार नाही, आणि कुठलाही वकील म्हणू नये. वर सांगितलं तसं, गुन्हा झालाय असं म्हणायला जागा आहे, आणि पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूला ते तसंच ठेवणं म्हणजे ताबा चालूच. ह्यातून वाट काढायची ती समोर बसून, कागद बघून, आणि उद्याच. तासगाव नाहीतर सांगलीच्या कोर्टात फौजदारी बघणारा वकील गाठ, बिल आणि यीस्टची ऑर्डर घेऊन जा, वडिलांना बरोबर ने. अटकपूर्व जामिनाची गरज आहे का हे तोच बघून सांगेल, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४८२ आहे, जुनं ४३८. तोपर्यंत शेडात विस्तव लावायचा नाही, ड्रमला हात लावायचा नाही, आणि ग्रुपवर भांड्याचे फोटो टाकलेस म्हणतोस ते डिलीट करायच्या आधीही वकिलाला विचार.

पाटील चुलत्यांचं. गावातली गुन्ह्याची खबर वर देणं हे पोलीस पाटलाचं कामच आहे, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं. ते गप्प राहिले म्हणजे कळवलं नाही असं नाही, आणि कळवलं असेल तर त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्याकडं जाऊन हात जोडू नकोस, भांडू नकोस, आणि पैशाचं तर नावच काढू नकोस.

जर कोणी आलंच, पोलीस असो नाहीतर उत्पादन शुल्कवाले, तर अडवू नकोस. झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं करावं लागतं. पंचनाम्यात जे नाही ते लिहिलं असेल तर सही करू नकोस, आणि जबाब द्यायच्या आधी वकिलाला फोन लाव. वडिलांबद्दल आईला एवढं सांग, नुसतं सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून माणूस दोषी होत नाही, माहीत असून ठेवलं का हे बघतात. पण पाच दिवस ड्रम त्यांच्या डोळ्यासमोर होता, म्हणून त्यांनाही वकिलाकडं ने म्हटलं.

भरतीच्या फॉर्मवर आणि चारित्र्य पडताळणीत गुन्हा दाखल आहे का, कोर्टात केस चालू आहे का हे विचारतात. केस झालीच तर ती लपवायची नाही, लपवल्यानं हातातली नोकरी गेल्याची उदाहरणं कोर्टात भरपूर आहेत.

कायद्यापलीकडचं एक सांगते, कारण तू लिहिलंयस की गॅसची शेगडी शेडातच लावणार होतास आणि नळीच्या जोडाला डाख (सोल्डर) दिलाय. अल्कोहोलची वाफ कुठं गळली आणि खाली उघडी ज्योत असली की पेट घेते, आणि डाखात शिसं असलं तर ते दारूत उतरतं. २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळं, ते विकणाऱ्यांनी मिसळलेलं होतं, तुझा प्रकार तो नव्हे हे मला कळतं. पण तुझ्या शेडाला लागून जनावरांचा गोठा आहे असंही तूच लिहिलंयस.

द्राक्षाचं पेय करायचीच हौस असेल तर रीतसर रस्ता आहे आणि तो तुझ्या घरापासून लांब नाही. राज्याचं वाईनचं धोरण २००१ चं, पलूसला वाईन पार्क उभारलेला आहे, वायनरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. एकट्या २४ वर्षांच्या पोराला झेपेल असा खर्च तो नाही, चार बागायतदार मिळून विचार करता येईल. पण आधी उद्या सकाळचं काम. बिल कुठल्या पिशवीत ठेवलंयस ते आत्ताच बघून ठेव.