बोनेट उघडलं, पण इंजिन कुठे?

या महिन्यात नाशिकहून आलेली पाच पत्रं एकाच प्रकारच्या गाडीबद्दल आहेत : दोनच माणसांची, छत उघडणारी आणि इंजिन मधोमध असलेली. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पोर्शची बॉक्सस्टर घ्यायचा विचार आहे. २०१३ चं मॉडेल, २.७ लिटर, पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. मालक मुंबईचे. रविवारी सकाळी गाडी घेऊन नाशिकला येतील आणि तासभर चालवायला देतील. मी आजवर डिझेल एसयूव्हीच चालवली आहे. काय पाहू आणि कुठे चालवू?
— गंगापूर रोड, नाशिक

मालकांना आधी एक विनंती करा : शनिवारी संध्याकाळीच या आणि गाडी रात्रभर उभी राहू द्या. मुंबईहून सुमारे १६५ किलोमीटर धावून आलेल्या इंजिनात तेल सगळीकडे पोचलेलं असतं, आणि थंड इंजिन जे सांगतं ते तापलेलं इंजिन सांगत नाही. त्यांना जमणार नसेल तर तुम्ही मुंबईला जा, पण दिवसाचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोरच झाला पाहिजे. ‘बॅटरी बघायला मघाशी सुरू केली होती’ असं कळलं, तर सरळ दुसरा दिवस मागा.

स्टार्ट करताना काचा खाली, रेडिओ बंद. हे बॉक्सर इंजिन आहे. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. गाडी उभी असताना थोडं तेल सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं, म्हणून पहिल्या क्षणी निळसर धुराचा एक लोट आला तर घाबरू नका. मिनिटभरानंतरही धूर येतच राहिला, तर तेल जळतंय. थंड इंजिनाची टकटक काही सेकंदांत विरली पाहिजे. इंजिन तापेल तशी टकटक वाढत गेली, तर सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडले असण्याची शक्यता धरा. अशा वेळी स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता बोनेट उघडा. आत इंजिन नाही. दीडशे लिटरची खोल डिकी आहे. मागे जा, तिथेही डिकीच. इंजिन तुमच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे बंदिस्त आहे आणि वरून तिथे हात पोचत नाही. तेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरायची तोंडं मागच्या डिकीत दिली आहेत. तेल बघायची पट्टीही नाही. पातळी मीटरमधल्या स्क्रीनवर दिसते, तीही इंजिन गरम आणि गाडी सपाटीवर असताना. त्यामुळे इथे डोळ्यांचं बरंचसं काम नाकानं करायचं. मागच्या डिकीचा गालिचा उचला आणि वाकून वास घ्या. गोडसर, किंचित सरबतासारखा वास म्हणजे कूलंट झिरपतंय. कूलंटच्या टाकीच्या कडांना वाळलेले पांढुरके ओघळ दिसले तर शंकाच नको.

इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन्ही टोकांच्या जाळीमागे. तिथे टॉर्च मारून बघा. वाळकी पानं, प्लास्टिकचे तुकडे, माती यांचा थर तिथे हटकून असतो. पावसाळ्यात तो थर ओल धरतो, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या कुजतात. आधी एसीचा कंडेन्सर गळतो, मग रेडिएटर. पुढचं कूलंट मागच्या इंजिनापर्यंत नेणारे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. त्यांनी दगडाचा मार खाल्लाय का, हे गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी लिफ्ट असलेल्या गॅरेजची वेळ घेऊन ठेवा; अर्धा तास पुरतो.

टायर बघा. या मॉडेलला १८ इंची चाकं असतील तर पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ असतात. मापं वेगळी, म्हणून पुढचे मागे फिरवता येत नाहीत. बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालतात. त्यामुळे नक्षी भरपूर पण रबर लाकडासारखं कडक, असा टायर नेहमी भेटतो. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर चारही बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि जुन्या टायरवर गाडीच्या पकडीबद्दल कोणतंही मत बनवू नका.

एवढं झाल्यावर बसा. आसन जमिनीच्या इतकं जवळ आहे की एसयूव्हीच्या सवयीनं पाहिलं तर बोनेटचं टोक कुठे संपतं ते कळत नाही. निघण्यापूर्वी पाच मिनिटं आसन, स्टिअरिंग आणि आरसे लावण्यात घालवा. छत मिटल्यावर मागची काच लहान वाटते आणि डाव्या खांद्यामागचा कोपरा दिसत नाही. डावा आरसा नेहमीपेक्षा थोडा बाहेर काढा.

तेल ८० अंशांवर जाईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर जायचं नाही. कूलंटचा काटा लवकर ९० ला टेकतो, तेल मागाहून तापतं. या गाडीत तेलाचं तापमान वेगळं दिसतं, तेच पाहा. तोवर गाडी शहरात फिरवा. सर्वात आधी ती स्वतःच्या सोसायटीत न्या. बेसमेंटच्या उतारावर पुढच्या बंपरची खालची कडा घासते का, वळण एका दमात बसतं का, हे आत्ताच कळू द्या. विकत घेतल्यावर कळलं तर रोजचा ताप होतो. त्याच चढावर रिव्हर्स टाका. ‘डी’मधून ‘आर’ पडायला सेकंदाच्या आसपास लागावं, धक्का बसू नये, आणि हळूहळू मागे सरकताना गाडी थरथरू नये. गतिरोधकावर पायी चालायच्या वेगानं जा.

मग द्वारकावरून जाणाऱ्या उड्डाणपुलावर चढा. पुलाचे सांधे म्हणजे सस्पेन्शनची फुकटची तपासणी. ताशी ५० चा वेग धरा, काचा खाली. प्रत्येक सांध्यावर एकच दबका ‘धप’ यायला हवा. ‘धप-टक’ असा जोड आवाज आला तर सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) गेलेत. या गाड्यांत हे वारंवार होतं. आवाज चारपैकी कुठल्या कोपऱ्यातून येतो ते शेजारी बसलेल्याला लिहून ठेवायला सांगा.

समृद्धी महामार्गावर जायचा मोह टाळा. सरळ काँक्रीटवर कुठलीही महागडी गाडी छान वाटते, आणि वेगमर्यादा १२० ची आहे. या गाडीचा पैसा वळणात वसूल होतो. गंगापूर गावाच्या पुढे गिरणाऱ्याकडे सकाळी साडेसहाला जा. टोमॅटोच्या हंगामात नंतर पिकअपची रांग लागते.

वळण घेताना एवढं ध्यानात असू द्या. पुढे इंजिन असलेली गाडी वळवताना नाकावरचं ओझं आधी हलवावं लागतं. इथे ओझं मधोमध आहे, म्हणून स्टिअरिंग फिरवताच गाडी कमरेतून वळल्यासारखी वळते. ती मजा पहिल्याच वळणात कळते, पण धोकाही तिथेच आहे. वेग जास्त झाला असं वाटून वळणाच्या मध्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर झटकन सोडला, तर वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर सुटू पाहतो. मधोमध ओझं असलेली गाडी चटकन वळते तशीच चटकन गरगरतेही. सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर संपवा, मग वळा, आणि वळणभर पाय हलका पण स्थिर ठेवा. पीएसएम, म्हणजे गाडी सावरणारी यंत्रणा, चालू असू द्या. ती बंद करून दाखवतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नाही म्हणा.

परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. पाच मिनिटं एसी लावून उभी ठेवा, कूलंटचा काटा चढतो का ते पाहा. मागचा स्पॉयलर ताशी १२० ला आपोआप उठतो, पण तो तपासायला तेवढा वेग नको. बटण दाबून जागेवरच उठवा आणि बसवा.

प्रश्न : ओळखीत २००७ ची बॉक्सस्टर मिळते आहे. किंमत ऐकून हुरूप येतो, पण ‘आयएमएस बेअरिंग’चं नाव काढलं की सगळे घाबरवतात. काय भानगड आहे?
— इंदिरानगर

भीती निराधार नाही. २००८ पर्यंतच्या या इंजिनांत क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणारा एक मधला दांडा (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) आहे. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग सीलबंद असतं. सील झिजलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि मळकं तेल आत शिरतं. बेअरिंग तुटलं तर चेन सुटते, पिस्टन वाल्ववर आदळतात आणि अख्खं इंजिन जातं. २००७ च्या गाडीत हे बेअरिंग आधीच्यापेक्षा मोठं आहे, म्हणून टिकतंही जास्त. पण बदलायचं झालं तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. २००९ पासूनच्या इंजिनांत हा दांडाच नाही.

टेस्ट ड्राइव्हमध्ये हे बेअरिंग ओळखू येत नाही. काम करायचं ते तेलाच्या फिल्टरवर. मालकांच्या परवानगीनं, तुमच्या खर्चानं तेल बदला. जुना फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर त्यांवर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा चेनचा संशय. न चिकटणारे ॲल्युमिनियमचे. दोन्हींत व्यवहार थांबवा. गाडी मॅन्युअल असेल तर स्कॅनर लावून ओव्हररेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या, नोंदी काढा. एक ते सहा टप्पे असतात. चार ते सहामध्ये अलीकडची नोंद असेल, तर वरच्या गिअरऐवजी चुकून खालचा टाकून इंजिन ओरबाडलं गेलंय.

रोज चालवलेल्या गाडीपेक्षा वर्षानुवर्षं कव्हरखाली उभ्या गाडीची जास्त काळजी वाटावी. साचलेल्या तेलात ओल आणि आम्ल जमतं. म्हणून किलोमीटर कमी झाले तरी तेल वर्षाला बदललंय का, याच्या पावत्या मागा. ‘फक्त १८,००० किलोमीटर’ ही जाहिरात पावत्यांशिवाय आम्ही जमेची बाजू धरत नाही.

प्रश्न : नाशिकच्या पावसात कापडी छत टिकतं का? गळतं असं ऐकलंय.
— पंचवटी

कापड सहसा गळत नाही, पाण्याच्या वाटा तुंबतात. छतावरून ओघळणारं पाणी आसनांमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली निघून जायचं असतं. तिथे पानं आणि धूळ बसली की पाणी आत वळतं. टेस्ट ड्राइव्हला जाताना पाण्याची बाटली न्या. छत अर्धं उघडून थांबवा, प्रत्येक भोकात थोडं थोडं, साधारण अर्धा ग्लास पाणी सोडा. चाकापाशी जमिनीवर ओघळ दिसायला हवा. मग दोन्ही आसनांखाली हात घालून गालिचा दाबा. वरून कोरडा पण दाबल्यावर गार लागतो तो आतून भिजलेला असतो. जुन्या मॉडेलमध्ये आसनाखालीच इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल बॉक्स आहे. तो भिजला की गाडी सुरूच होत नाही.

छत दोनदा उघडा-बंद करा. २०१३ च्या गाडीत एका वेळेला साधारण नऊ सेकंद लागतात. मध्येच अडखळलं, किंवा एक बाजू आधी आणि दुसरी मागून आली, तर यंत्रणेचा खर्च आहे. ओलं छत घडी करून ठेवू नका, बुरशी धरते.

प्रश्न : आईला शेजारी बसवून त्र्यंबकेश्वरला नेता येईल का? आणि सामानाचं काय?
— सिडको

आईंचे गुडघे दुखत असतील तर विकत घ्यायच्या आधी त्यांनाच बसवून-उठवून पाहा. छत उघडं ठेवा, आधी पाठ करून बसायला सांगा, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना खरी अडचण येते. आपल्या गाडीतून त्या विनाआधार उठत असल्या तरी इथे तुम्हाला हात द्यावा लागेल. त्र्यंबकचं अंतर तीसेक किलोमीटर, तेवढा प्रवास सुखाचा होतो.

पुढची डिकी खोल आणि गार, मागची उथळ आणि इंजिनाच्या शेजाराने कोमट. मागे कपड्यांची बॅग ठेवा. द्राक्षं, पेढे, औषधं पुढे.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हमध्ये ठोकली गेली तर भरपाई कोणी करायची?
— नाशिक रोड

गाडी खासगी मालकाची असेल, तर चालवण्यापूर्वी विमा पॉलिसी बघा : मुदत चालू आहे का, आणि ती फक्त थर्ड पार्टी आहे की गाडीचं स्वतःचं नुकसानही धरते. तुमचं लायसन्स वैध हवं, नाहीतर दावा अडकतो. विमा असला तरी दाव्यातली ठरावीक रक्कम पदरची जाते आणि मालकांचा नो-क्लेम बोनसही बुडतो. या दोन्हींचा भार कोणावर, हे निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घ्या. संकोच वाटला तरी घ्या. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आहे का, हेही त्याच वेळी विचारा. महाराष्ट्राचा कर आणि एमएच-१५ चा नवा नंबर घेण्याचा खर्च तुमच्या माथी येतो, तो किमतीत धरा.