म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह घटना इंडिपेंडंटही असतात का?

नाही, जवळजवळ उलटंच आहे. म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणजे ज्या दोन्ही एकदम घडूच शकत नाहीत अशा घटना. तू म्हणतोस, दोन्ही एकदम घडत नाहीत म्हणजे त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. अरे, एक घडली की दुसरी बादच, याहून घट्ट संबंध कुठला? तू बडोद्याचाच आहेस, म्हणून सांगतो: मित्राचा फोन आला, "रावपुऱ्यात आहे." मग याच क्षणी तो मांडवीला असण्याची शक्यता किती? शून्य. इंडिपेंडंट म्हणजे एक घडल्याचं कळूनही दुसरीची शक्यता तसूभर न हलणं.

म्हणूनच इंडिपेंडंट घटनांत दोन्ही एकदम घडण्याची शक्यता म्हणजे दोघींच्या शक्यतांचा गुणाकार. फाशावर करून बघ. 'अ' म्हणजे सम आकडा, शक्यता 1/2. 'ब' म्हणजे 1 किंवा 2, शक्यता 1/3. दोन्ही एकदम फक्त 2 पडल्यावर, म्हणजे 1/6. आणि 1/2 × 1/3 = 1/6. जुळलं, म्हणून इंडिपेंडंट. आता 'ब'मध्ये 3 पण घाल. गुणाकार होतो 1/4, पण दोन्ही एकदम घडण्याची शक्यता अजून 1/6च. इंडिपेंडन्स गेला! नुसतं बघून हे ओळखता येत नाही, गुणाकार करावाच लागतो. 'ब' फक्त 1 आणि 3 ठेवलास तर एकत्र घडणं 0, गुणाकार 1/6. म्हणजे म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह, पण इंडिपेंडंट नाही.

अपवाद एकच: दोघींपैकी एकीची शक्यता मुळातच शून्य असेल तर. तोंडी परीक्षेत खोचक सर नेमकं हेच विचारतात.