रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे असे का वागतात?

"पायात रॉड बसला, टाके सुकले, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. मग आमचे हे असे का वागतात?" अपघाताला चार-सहा महिने झाले की हा प्रश्न घेऊन बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात, कधी एखादी आई येते. त्याच्या पाठीमागे दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो जरा उशिरा बाहेर पडतो: नाटकं तर करत नाहीत ना?

अशाच एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गृहस्थ नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी येताना टेम्पोने उडवलं. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. थोडा वेळ बेशुद्ध होते. अपघात आणि त्यानंतरचे बरेच तास त्यांना अजूनही आठवत नाहीत.

बायको एका दमात बोलत होती. मिक्सर लावला की अंगावर येतात. साखर आणायला जातात आणि मीठ घेऊन येतात. पाहुणे आले की तासाभरात आत जाऊन आडवे होतात. "आणि परवा तर कहरच केला. दूध उतू जाऊन पार करपलं, जिन्यापर्यंत वास गेला, आणि हे ओट्याजवळच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले! विचारलं तर म्हणतात, कुठे आलाय वास?"

बाकीच्या तक्रारी थकव्याच्या किंवा नैराश्याच्याही असू शकल्या असत्या. दुधाची गोष्ट मात्र मला वेगळी वाटली. मी त्यांना डोळे मिटायला सांगून कॉफी पावडर नाकाशी धरली, मग लवंग, मग साबण. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, काहीच कळत नाही." बाई लगेच उसळल्या, "पण बाम लावला की बरोबर कळतो यांना!"

कळणारच. बामचा थंडावा आणि झोंबणं चेहऱ्याच्या संवेदनेची वेगळी नस टिपते. वासाचे तंतू नाकाच्या वरच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदू कवटीत हलतो आणि ते तंतू तुटू शकतात. राग आवरणं, कामांचा क्रम लावणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, हे पाहणारा मेंदूचा पुढचा भाग त्यांच्या अगदी शेजारी आहे. त्यालाही मार बसला असेल, अशी शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं. मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे आणि स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्यांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. शंका खरी निघाली.

मग तो स्कॅन? अपघाताच्या रात्रीचा सीटी मुख्यतः रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का, तातडीने ऑपरेशन लागेल का, हे पाहायला काढतात. ताणले गेलेले सूक्ष्म तंतू त्यात बहुधा दिसत नाहीत. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण डिस्चार्जच्या वेळी कोणी दोन मिनिटं बसून हे सांगितलं असतं, तर या घरातली निम्मी भांडणं टळली असती, असं मला राहून राहून वाटतं.

घरात बदल सुरू झाले ते साधेच. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच काम, तेही यादीवर लिहून. दुपारी अर्धा तास पडायचं, आणि त्यावरून टोमणे मारायचे नाहीत. स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र बसवलं, कारण सिलिंडरच्या गॅसला तो वास मुद्दाम घातलेला असतो आणि यांना तोच येत नव्हता. शिळं अन्न दुसऱ्या कोणीतरी हुंगून पाहायचं. दारू पूर्ण बंद. मार बसलेल्या मेंदूला ती थोडीशीही बाधते. गाडीवर बसायचं ते न्यूरॉलॉजिस्टने परवानगी दिल्यावरच.

हॉर्न वाजला की घाम फुटणं, त्या रस्त्याने जायचं टाळणं, हे वेगळं प्रकरण. "आठवतच नाही, तर भीती कसली?" असं मेहुण्याने हसून विचारलं होतं. प्रसंग आठवला नाही तरी शरीर दचकतं, हे मी त्याला बोलावून समजावलं. त्यावर टप्प्याटप्प्याने काम केलं: आधी रिक्षात बसून दुसऱ्या रस्त्याने, नंतर त्या चौकापर्यंत.

पैशाची बाजूही होती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावलेला होता, पण कागदावर अपंगत्व फक्त पायाचं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अवयवाच्या टक्केवारीवर न थांबता कमाईच्या क्षमतेवर काय परिणाम झाला ते पाहायचं. त्यासाठी विसराळूपणाही कागदावर यायला हवा. चाचण्यांचे अहवाल आणि कंपनीचं पत्र वकिलांकडे दिलं. ज्यांनी अजून दावाच केला नाही त्यांनी वकिलांना आजच गाठावं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

वास परत आलेला नाही, आणि इतक्या महिन्यांनंतर येण्याची आशा कमी असते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. कंपनीने त्यांना लाइनवरून काढून स्टोअरला दिवसपाळी दिली. पगार थोडा कमी झाला. चिडतात अजूनही, पण चिडायच्या आधी बाल्कनीत जाऊन उभे राहायला शिकलेत. बाई आता महिन्यातून एकदा एकट्या येतात, स्वतःसाठी.