पोत्याच्या तळापर्यंत

प्रश्न : शत्रूराष्ट्राचा नेता कराराला आला, तर त्याच्या शब्दावर विसंबावं का? (एक वाचक, विटा)

उत्तर : मी सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं एका हळदीच्या अडतीत दिवाणजी होतो. माल आणणारा कितीही देवमाणूस असो, पोत्याच्या तळापर्यंत हात गेल्याशिवाय भाव निघायचा नाही. त्याचा रागही कुणाला यायचा नाही.

8 डिसेंबर 1987 ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मोडीत काढण्याच्या करारावर सह्या केल्या. रेगननी रशियन म्हणच ऐकवली : विश्वास ठेवा, पण तपासा. ‘हे तुम्ही दर भेटीत म्हणता,’ गोर्बाचेव्ह म्हणाले, आणि सभागृह हसलं. खरी गंमत कलमांत होती. रशियातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या दारात अमेरिकी तपासनीस, अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्नाच्या कारखान्याला सोव्हिएत! 1991 पर्यंत 2,692 क्षेपणास्त्रं मोडीत निघाली. गोर्बाचेव्ह भला माणूस म्हणून हे जमलं, असं आमचे एक स्नेही चहा पिताना सांगतात. असेल भला, मी श्रेय दारातल्या तपासनिसाला देतो.

तेव्हा त्या नेत्याचा चेहरा नंतर वाचा. आधी करारात तपासायला कोण, कुठं आणि किती वर्षं जाणार, ते बघा. या करारातली तपासणी 2001 मध्ये संपली. 2019 मध्ये करारही गेला.