क्रोन्समुळे अरुंद झालेले मोठे आतडे शस्त्रक्रियेशिवाय मोकळे होते का?

तुमच्या भावाच्या मोठ्या आतड्यात क्रोन्समुळे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) फायब्रोसिस, म्हणजे भिंतीत वण, होऊन वाट अरुंद झाली आहे आणि ती औषधांनी मोकळी होईल का, असे तुम्ही विचारले आहे. भिंतीत तयार झालेला वण विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध आजमितीस नाही. एवढे सांगून मी थांबलो असतो. पण ‘घरचे चोथा वाढवायला सांगतात’ असेही तुम्ही लिहिले आहे.

मीही याच आजाराचा रुग्ण, म्हणून माझा अनुभव सांगतो. मला आधी सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की त्या शंकेला मी दोष देत नाही. मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरत आहेत का, हे कोणी पाहिले नाही. पुढे क्रोन्सचे निदान झाले. स्टेरॉइड सुरू केले की आठवड्यात पोट हलके व्हायचे आणि मात्रा उतरवली की जेवणानंतर तासाभरात कळा परत यायच्या, कारण स्टेरॉइडने सूज ओसरते, वण तसाच राहतो, आणि अरुंद जागी बहुधा दोन्ही एकत्र असतात.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मते हे साधे बद्धकोष्ठ होते. भोगीच्या दिवशी त्यांनी समोर बसून पावटे, सोलाणे घातलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मला आग्रहाने वाढली, वर रात्री इसबगोल दिला. दोन वाजता पोट नगाऱ्यासारखे ताणले, हिरव्या उलट्या झाल्या आणि पहाटे माझ्या नाकात नळी होती. सीटी स्कॅनमध्ये सुमारे 7 सेंटिमीटरचा भाग आवळलेला व त्याच्या अलीकडचे आतडे फुगलेले दिसले. दुर्बीण पलीकडे जाईना. बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कर्करोग आढळला नाही, पण चिमटा वरवरचे अस्तरच घेतो, म्हणून सर्जन तो भाग काढण्यावर ठाम राहिले. नंतर त्यांनी काढलेला तुकडा दाखवला: बागेतल्या पाइपसारखा कडक, आत करंगळीही जाणार नाही असा.

तुम्ही एमआरआय तपासणीत अरुंद भागाची लांबी किती, अलीकडचे आतडे फुगले आहे का आणि जवळ गळू किंवा भगेंद्र (आतड्यातून बाजूला फुटलेली वाट) आहे का, हे स्पष्ट विचारा. साधारण 5 सेंटिमीटरपर्यंतचा सरळ अडथळा असेल आणि गळू-भगेंद्र नसेल, तर दुर्बिणीतून फुग्याने रुंदावता येतो. तो पुन्हा आवळू शकतो आणि आतडे फाटण्याचा थोडा धोका असतो. मोठ्या आतड्यातल्या अडथळ्यात कर्करोगाची शक्यता तपासल्याशिवाय फुगा किंवा औषधे यांवर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

मी डॉक्टर नाही, आणि अडथळा नसलेल्या क्रोन्सच्या रुग्णाला चोथा सरसकट वर्ज्य नसतो, हेही खरे. बंधू अजूनही म्हणतात की दोष पावट्यांचा नव्हता, मी ते नीट चावले नाहीत. तुमच्या भावाचे पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वारा सरणे थांबले, तर एरंडेल न देता त्याच रात्री रुग्णालय गाठा.